परवाना समाजाचा, नोंदवही कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



पशुवैद्यकांची नोंदणी आणि त्यांच्यावर झालेली शिस्तभंगाची कारवाई यांची कागदपत्रे जनतेला पाहावयास मिळावीत की नाहीत, हा प्रश्न प्रथमदर्शनी फार लहान वाटण्याचा संभव आहे. शेतमालाचा भाव, दुधाचा दर, कर्ज आणि पाणी असे धगधगते प्रश्न पुढ्यात असताना एखाद्या परिषदेच्या कपाटातील नोंदवहीची चर्चा कशाला करावयाची, अशी शंका कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याच्या दावणीला एकच म्हैस आहे आणि जिच्या दुधावर मुलांची शाळा व दुकानदाराची उधारी चालते आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. ती म्हैस आजारी पडते त्या रात्री दारात आलेला माणूस खरोखर पशुवैद्यक आहे की नाही, त्याच्या हातून पूर्वी काही गंभीर चूक घडून ती सिद्ध झाली आहे की नाही, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या गरिबाला आहे की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. आणि तो लोकशाहीचा प्रश्न आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील पशुधन ५३ कोटी ५७ लाखांच्या घरात होते. त्यात गोवंश १९ कोटी २४ लाख आणि म्हशी सुमारे ११ कोटी. हे धन जमिनीसारखे थोड्या हातांत एकवटलेले नाही. ज्याला सात-बारा नाही त्यालाही दोन शेळ्या पाळता येतात, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष पावसाने बुडवले तरी दुधाचा पगार त्याला तारून नेतो. थोडक्यात, ग्रामीण भागातील अल्पभूधारक आणि भूमिहीन यांचे हे भांडवल आहे. कारखानदाराच्या भांडवलाला हिशेब तपासनीस असतात, विमा असतो, वकील असतात. या भांडवलाच्या पाठीशी बहुधा एकच माणूस उभा असतो, आणि तो म्हणजे जनावराचा डॉक्टर.

या डॉक्टरच्या सेवेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. बाजारातून बियाणे किंवा कापड आणणाऱ्याला मालाची प्रत निदान अनुभवाने तरी कळते. उपचाराचे तसे नाही. गाय अडली, डॉक्टरने हात घातला, वासरू मेले आणि पाठोपाठ गायही गेली, तर दोष कोणाचा? उशीर झाला होता, औषध चुकले होते, हात अजाण होता की प्रकरण मुळातच हाताबाहेरचे होते? मालकाला याचे उत्तर मिळत नाही. कासदाह, म्हणजे गावाकडे ज्याला दगडी म्हणतात तो रोग, दोन दिवसांच्या चुकीच्या उपचाराने सड कायमचा निकामी करतो. परंतु तो रोगाने गेला की उपचाराने, हे धार काढणाऱ्या बाईला सांगता येत नाही. माणसाचा रोगी निदान कुठे दुखते ते सांगतो. जनावराची फिर्याद मांडायला कोणीच नसते.

ज्ञानाच्या या विषमतेचा अर्थशास्त्राने विचार केला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला ती ठाऊक नसते, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. चांगल्या गाडीला तिच्या योग्यतेची किंमत मिळत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून माघार घेतो. या रोगावर समाजाने जे उपाय शोधले त्यांत परवानापद्धती हाही एक आहे, असे त्याच निबंधात नमूद आहे. ग्रामीण पशुचिकित्सेला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. साडेपाच वर्षांचे शिक्षण घेतलेला पदवीधर आणि औषधविक्रेत्याकडून दोन इंजेक्शने शिकलेला तोतया हे दोघेही गावाच्या दृष्टीने ‘डॉक्टर’च असतील, तर स्वस्त तोतया महाग पदवीधराला बाजारातून घालवणार, हे ओघानेच आले.

याच्या उलट बाजूचा युक्तिवादही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात व्यवसायांच्या परवानापद्धतीवर हल्ला चढवला आणि परवाना ही व्यावसायिकांनी स्वतःसाठी उभारलेली मक्तेदारी असते, ती मोडून बाजार मोकळा करावा, असे प्रतिपादन केले. त्यांचे निदान निम्मे खरे आहे. परवान्याने मक्तेदारी निर्माण होते, यात संशय नाही. परंतु त्यांनी सुचवलेला उपाय गरिबाच्या जिवावर बेतणारा आहे. मोकळ्या बाजारात पारख करण्याचे साधन धनिकापाशी असते, एका म्हशीच्या मालकापाशी नसते. समाजवादी विचाराचे उत्तर निराळे आहे. मक्तेदारी समाजाने दिली असेल तर तिचा हिशेबही समाजाला मिळाला पाहिजे. परवाना ही कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे. समाजाने काही अटींवर सोपवलेला तो विश्वास आहे, आणि अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचा अधिकार विश्वास टाकणाऱ्याने कधीही सोडलेला नसतो.

आता कायद्याकडे वळू. पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय हा विषय राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवला आहे. म्हणून संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ हा कायदा केला तो घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन, म्हणजे राज्यांच्या संमतीने. आरंभी हरियाणा, बिहार, ओरिसा, हिमाचल प्रदेश व राजस्थान ही राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश त्याच्या कक्षेत होते. महाराष्ट्राने व इतर राज्यांनी तो पुढे स्वीकारला. या कायद्याने केंद्रात एक परिषद, राज्यांत राज्य परिषदा आणि दोन्हीकडे नोंदवह्या अशी रचना केली. नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला शासकीय वा अन्य संस्थेत पशुवैद्यकाचे पद धारण करता येत नाही, पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही, पशुवैद्यकाने द्यावयाच्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात पशुवैद्यकीय तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही.

यालाच जोडून एक अपवाद आहे. पशुधन पर्यवेक्षकासारखी पदविका किंवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यांना, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचे दवाखाने श्रेणी-१ आणि श्रेणी-२ अशा विभागणीने दीर्घकाळ चालत आले. त्यांपैकी दुसऱ्या श्रेणीच्या दवाखान्यांचा भार या पदविकाधारकांनीच वाहिला आहे. त्यांच्या कष्टांची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु दारात आलेला माणूस पूर्ण अधिकाराचा पशुवैद्यक आहे, देखरेखीखाली काम करणारा पर्यवेक्षक आहे, की या दोहोंपैकी कोणीच नाही, हे तीन पदर कायद्याने वेगळे केलेले असताना पशुपालकाला मात्र ते वेगळे करण्याचे साधन दिलेले नाही. फरक कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि गोठ्यात सगळेच ‘डॉक्टर’ झाले.

नोंदणीचे महत्त्व उपचारापुरते मर्यादित नाही, ते कागदापाशी अधिक तीव्र होते. विम्याचा दावा करावयाचा तर मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार जनावर गाडीत घालून न्यावयाचे तर ते प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. बाजारच्या वाटेवर गाडी अडवली जाते तेव्हा शेतकऱ्याची अब्रू त्या कागदाच्या खरेपणावर लटकलेली असते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने दगावलेल्या दुधाळ गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य जाहीर केले. ते पदरात पडण्यासाठी जनावर त्याच रोगाने गेले याची पशुवैद्यकीय खातरजमा आवश्यक होती. म्हणजे सही करणाऱ्या हाताला अधिकार नसेल, तर जनावर जाते आणि भरपाईही जाते.

कागदाच्या सत्तेचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव पेटला, तेव्हा सावकारांची कर्जखते हाती घेऊन ती जाळण्यावर त्यांचा मुख्य रोख होता. स्वतःला वाचता न येणारा कागद आपले घर बुडवतो, हे त्यांना नेमके उमगले होते. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, अक्षरशून्य शेतकरी दप्तराच्या कारभारात कसा नागवला जातो, हेच मांडले. आज तो शेतकरी वाचू शकतो. तथापि त्याच्या हिताचे दप्तर त्याच्यापुढे उघडले जाते काय, हा प्रश्न उरतोच.

नोंदवहीपुरते पाहिले तर कायद्याची भूमिका निःसंदिग्ध आहे. १९८४ च्या अधिनियमाने भारतीय पशुवैद्यकांच्या नोंदवहीला पुराव्याच्या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक दस्तऐवजाचा दर्जा दिला आणि ती वेळोवेळी सुधारून भारताच्या राजपत्रात किंवा विनियमांनी ठरवलेल्या अन्य रीतीने प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य परिषदेच्या सचिवावर टाकले. पुढे माहितीच्या अधिकाराचा अधिनियम, २००५ आला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सांगितले की, दिलेल्या सवलती, परवाने व प्राधिकारपत्रे ज्यांना मिळाली त्यांचा तपशील, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, आपण होऊन प्रसिद्ध करा. तेच कलम पुढे असेही सांगते की, माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्या. राजपत्रात छापले म्हणजे जनतेला कळले, ही कायद्याची एक सोयीस्कर कल्पना आहे. दिल्लीचे राजपत्र गोठ्यापर्यंत पोचत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिलेली चार नावे पोचतात. २००५ च्या कायद्याला हा दुसरा प्रकार अभिप्रेत आहे.

खरी अडचण शिस्तभंगाच्या बाबतीत आहे. व्यावसायिक वर्तनाचे निकष १९९२ च्या विनियमांनी घालून दिले. गैरवर्तन सिद्ध झाल्यास, संबंधिताला आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन, त्याचे नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार परिषदेला आहे. परंतु नोंदवहीला सार्वजनिक दस्तऐवज ठरवणारे कलम या निर्णयांविषयी काही बोलत नाही. परिणामी नोंदवही निकालाचा शेवट तेवढा दाखवते, कारण दाखवत नाही. ज्याचे नाव काढले गेले तो यादीतून मुकाट्याने नाहीसा होतो. वर्गणी थकली म्हणून गेला, मृत्यू पावला, की खोटे दाखले दिल्यामुळे गेला, हे यादीवरून समजत नाही. आणि ज्याला ताकीद देऊन सोडले, त्याच्या नावापुढे तर काहीच उमटत नाही. तक्रार करणारा पशुपालक एकदा अर्ज देऊन आला की पुढे त्याचे काय झाले याचा पत्ता त्यालाही लागत नाही, मग शेजारच्या गावाला कोठून लागणार?

या गुप्ततेच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जातात त्यांचा क्रमाने विचार केला पाहिजे.

पहिले कारण खाजगीपणाचे. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी अकोल्यातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, कर्मचाऱ्याला दिलेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटीस, शिक्षेचे आदेश ही त्याची वैयक्तिक माहिती होय. तो नोकर आणि मालक यांच्यातील सेवाविषयक मामला आहे, आणि व्यापक जनहित दाखवल्याविना ही माहिती देता येणार नाही. या निर्णयाचा हवाला अनेक कार्यालयांतून सर्रास दिला जातो. परंतु परवान्याचे नाते नोकर व मालक यांचे नाही. परिषद ही पशुवैद्यकाची मालक नव्हे. ती जनतेच्या वतीने दारावर बसवलेली राखणदार आहे, आणि दारातून कोणाला आत सोडले व कोणाला का बाहेर काढले हे राखणदाराने घरच्या माणसांपासून लपवावयाचे नसते. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणात याला पोषक असे तत्त्व सांगितले. बँकांच्या तपासणीचे अहवाल विश्वासाच्या नात्याने मिळालेले असल्यामुळे उघड करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा बचाव न्यायालयाने फेटाळला. नियंत्रक संस्थेची बांधिलकी जनतेशी व ठेवीदारांशी आहे, नियंत्रित बँकांशी नाही, असा त्याचा आशय होता. ठेवीदाराच्या जागी पशुपालक ठेवला की युक्तिवाद पूर्ण होतो.

या संदर्भात अलीकडे झालेल्या एका बदलाकडे कार्यकर्त्यांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयीच्या पोटकलमात मूळ कायद्याने मर्यादा घालून ठेवल्या होत्या. सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली किंवा खाजगी जीवनावर अकारण आक्रमण करणारी माहितीच तेवढी नाकारता येत असे. जनहितार्थ तीही देता येई. आणि विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती कोणाही नागरिकाला नाकारता येणार नाही, असे आश्वासन त्यात होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने या मर्यादा पुसून टाकल्या. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे शब्द उच्चारले की दार लावण्याची सोय झाली आहे. एक फट मात्र शिल्लक आहे: उघड करण्यातील जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे त्याच कलमातील दुसरे उपकलम कायम आहे. पूर्वी जनहिताचा विचार नियमातच गुंफलेला होता. आता तो अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवला गेला. म्हणून अर्जदाराने जनहित नेमके कोणते ते लिहून देण्याची जबाबदारी वाढली आहे, आणि परवान्याच्या नोंदींविषयी स्पष्ट वैधानिक तरतूद करून घेण्याची निकडही वाढली आहे.

दुसरे कारण पशुवैद्यकांच्या बाजूचे आहे आणि ते आस्थेने ऐकले पाहिजे. शासकीय पशुवैद्यकाकडे गावांचा मोठा पसारा असतो. वाहनाची सोय नाही, औषधांचा साठा अपुरा, लसीकरणाचे उद्दिष्ट वरून आलेले. अशा स्थितीत रोगाने मेलेल्या जनावराचाही ठपका त्याच्यावर येतो, आणि गावातील एखादा वजनदार पुढारी सूडबुद्धीने तक्रार करू शकतो. ही भीती खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय गुप्तता नसून मर्यादा आखून दिलेली प्रसिद्धी हा आहे. नुसत्या तक्रारी प्रसिद्ध करू नयेत. चौकशी पूर्ण होऊन दिलेले निर्णयच प्रसिद्ध करावेत. निर्दोष ठरलेल्याची इच्छा असल्यास तोही निर्णय प्रसिद्ध व्हावा. सौम्य ताकिदीची नोंद ठरावीक वर्षांनंतर उतरवली जावी. व्यक्तीचा पत्ता, कुटुंब, आजार यांचा उल्लेख वगळावा. आणि साधने न पुरवल्यामुळे हानी झाली असेल, तर निर्णयात तसे स्पष्ट म्हटले जावे, म्हणजे दोष खात्याचा होता हेही जगाला कळेल. गुप्ततेत सर्वाधिक नुकसान होते ते प्रामाणिक पशुवैद्यकाचे. कारण निर्णय प्रसिद्ध होत नाहीत तेथे पारावरची कुजबुज हाच निर्णय ठरतो, आणि कुजबुजीविरुद्ध अपील करता येत नाही.

तिसरे कारण असे सांगितले जाते की, हे सर्व व्यावसायिकांचे अंतर्गत प्रकरण आहे, ते त्यांनी आपसांत मिटवावे. वस्तुतः चुकीच्या उपचाराचे परिणाम मालकाच्या गोठ्यातही थांबत नाहीत. जनावरांना सर्रास टोचल्या गेलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये सरकारला त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. बेसुमार प्रतिजैविकांचे अंश दुधातून माणसाच्या शरीरात जातात. औषध लिहून देणाऱ्या हाताचा परिणाम संपूर्ण समाजावर होत असेल, तर त्या हाताची शिस्त ही कोणाची अंतर्गत बाब राहत नाही.

इतर देशांत काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९६६ च्या कायद्यान्वये पशुवैद्यकांचे नियमन त्यांचे रॉयल कॉलेज करते. तेथील नोंदवही कोणीही पाहू शकतो. शिस्तपालन समितीची सुनावणी सामान्यतः खुली असते आणि तिचे सकारण निर्णय प्रसिद्ध होतात. त्यामुळे तेथील व्यवसाय बुडाल्याचे ऐकिवात नाही. परंतु ब्रिटनचाच अनुभव एक इशाराही देतो. तेथील स्पर्धा नियंत्रक संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की, २०१३ साली मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात सुमारे १० टक्के पशुदवाखाने होते, ते प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेले आहे. आणि १९६६ चा कायदा व्यक्तींचे नियमन करतो, मालक कंपन्यांचे नाही. सही डॉक्टरची, धोरण भांडवलाचे, आणि शिस्त मात्र फक्त सही करणाऱ्याला, अशी ती स्थिती आहे. भारतातील शहरांतून पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांचा धंदा वाढत आहे आणि दूध, कुक्कुटपालन, विमा या क्षेत्रांतील कंपन्याही पशुवैद्यक नेमतात. म्हणून नोंदवही उघडी करताना पगारी डॉक्टरच्या पाठीमागचा मालक कोण, हेही तीत दिसले पाहिजे. अन्यथा पारदर्शकतेचा सगळा भार मजुरी करणाऱ्यावर पडेल आणि नफा घेणारा पडद्याआड राहील.

परिषदेच्या रचनेचाही येथे विचार करावा लागतो. १९८४ च्या अधिनियमानुसार केंद्रीय परिषदेत राज्यांचे पशुसंवर्धन संचालक आहेत, पशुवैद्यकीय संस्थांचे प्रमुख आहेत, केंद्र सरकारचे अधिकारी आहेत, व्यावसायिक संघटनांचे प्रतिनिधी आहेत, आणि नोंदणीकृत पशुवैद्यकांनी आपल्यातून निवडून दिलेले ११ सदस्य आहेत. ज्याच्या जनावरासाठी ही सारी व्यवस्था उभी राहिली त्या पशुपालकासाठी राखलेली एकही जागा त्यात नाही. न्याय देणारे आणि ज्यांचा न्याय करावयाचा ते एकाच व्यवसायाचे असतील, तर निर्णय योग्य असूनही लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. ज्ञानाच्या कसोटीवर निर्णय तज्ज्ञांनीच करावा, हे मान्य. परंतु तो समोर बसून ऐकणारा आणि प्रश्न विचारणारा एखादा दूध उत्पादक, एखादी शेळीपालक स्त्री तेथे असावयास काय हरकत आहे?

एवढे म्हटल्यानंतर एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नोंदवही उघडी केल्याने पशुवैद्यक निर्माण होत नाहीत. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा असा निकष सुचवला होता. त्याला पन्नास वर्षे होत आली, तरी रिकाम्या पदांची ओरड थांबलेली नाही. जेथे खरा डॉक्टर पोचत नाही तेथे तोतया पोचतो, आणि त्याला बोलावणारा शेतकरी मूर्ख नसतो, तो अगतिक असतो. म्हणून तोतयांवर छापे घालावेत आणि पदे रिकामी ठेवावीत, हे धोरण म्हणजे बुडणाऱ्याच्या हातची काडीही काढून घेणे होय. नोंदवही खुली करा ही मागणी आणि पदे भरा ही मागणी या दोन्ही एकदमच केल्या पाहिजेत. किंबहुना पहिलीमुळे दुसरीला बळ मिळते. तालुक्याच्या यादीत किती नावे आहेत हे फळ्यावर लिहिले गेले की किती नाहीत हेही गावाला आपोआप दिसू लागते.

यातून कार्यकर्त्यांपुढे येणारे काम मोठ्या घोषणांचे नाही, चिकाटीचे आहे. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर तेथील पशुवैद्यकाचे नाव व नोंदणी क्रमांक, पर्यवेक्षकाचे नाव व त्याला करता येणाऱ्या सेवांची यादी मराठीत लावण्याचा ठराव ग्रामसभेत आणावा. प्रत्येक दाखल्यावर आणि औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहून घेण्याची सवय दूध संस्थांच्या सभासदांना लावावी. वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, किती प्रलंबित आहेत आणि काय कारवाई झाली, याची माहिती राज्य परिषदेकडे मागावी. हा आकडेवारीचा प्रश्न असल्याने त्यात कोणाचीही वैयक्तिक माहिती येत नाही, आणि म्हणून तो नाकारण्यास सबबही उरत नाही. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत हे हत्यार अजून हातात आहे; वापरले नाही तर ते गंजेल. विधिमंडळातील प्रतिनिधींनी आणखी पुढे जाऊन, शिस्तभंगाचे अंतिम निर्णय सकारण प्रसिद्ध करण्याची आणि परिषदांवर पशुपालकांचे प्रतिनिधी घेण्याची वैधानिक तरतूद मागावी. विषय मूळचा राज्यसूचीतला आहे. ‘हे दिल्लीचे काम’ असे म्हणून राज्य सरकारला हात झटकता येणार नाहीत.

हे काम करताना पशुवैद्यकांच्या संघटनांशी भांडण उकरून काढण्याचे कारण नाही. त्यांच्याशी बोलावे, त्यांची गाऱ्हाणी ऐकावी, पदभरतीच्या लढ्यात त्यांच्याबरोबर उभे राहावे आणि त्याच वेळी नोंदी खुल्या करण्याचा आग्रह धरावा. चांगल्या पशुवैद्यकाला या आग्रहाचे भय नाही. रात्री-अपरात्री चिखल तुडवत गोठ्यात जाणाऱ्या आणि अडलेली गाय सोडवणाऱ्या माणसाचे नाव गावाने अभिमानाने वाचावे, एवढे तरी त्याच्या श्रमाचे देणे समाजाने फेडले पाहिजे.

समाजवाद म्हणजे केवळ कारखान्यांची मालकी बदलणे, असा समज कधीकाळी प्रचलित होता. मालकी बदलूनही दप्तर बंद राहिले तर सत्ता दप्तर सांभाळणाऱ्याकडेच जाते, हे अनुभवाने शिकवले आहे. पशुवैद्यकांची नोंदवही कायद्याने १९८४ सालीच जनतेची केली. ती उघडून गोठ्याच्या दारापर्यंत आणणे आणि तिच्यात आजवर न लिहिलेली पाने लिहवून घेणे, हे काम अद्याप व्हावयाचे आहे.